गेटर-सेटरना नावं काय द्यायची? नवी भाषा रचणाऱ्यासाठी सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक छोटी ऑब्जेक्ट-ओरिएंटेड भाषा रचली जाते आहे. क्लासमध्ये फील्ड (ऑब्जेक्टमध्ये साठवायची किंमत) जाहीर केलं की कंपायलर त्याचे अ‍ॅक्सेसर, म्हणजे ते वाचणारा गेटर आणि लिहिणारा सेटर, आपोआप तयार करून देणार. त्यांची नावं जावाच्या वळणाने 'गेट_त्रिज्या' आणि 'सेट_त्रिज्या' अशी असावीत? की 'त्रिज्या' हे एकच नाव ठेवून आर्ग्युमेंट (कंसात दिलेली किंमत) आलं तर लिहायचं, नाही आलं तर वाचायचं? की वाचायला 'त्रिज्या' आणि लिहायला 'सेट_त्रिज्या'? विचारणाऱ्याचा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे, कारण त्यात नावं कमी लागतात.

माझं उत्तर या तिन्हींहून थोडं वेगळं आहे. वाचायला नुसतं नाम असावं, लिहायला असाइनमेंटचं चिन्ह असावं, आणि वाचणारा भाग व लिहिणारा भाग यांची जोडी डिक्लेरेशनमध्येच (जिथे ते नाव जाहीर करतात तिथेच) बांधलेली असावी. नावाच्या स्पेलिंगवरून कंपायलरने किंवा दुसऱ्या कुठल्या साधनाने काहीही ताडू नये. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून आधी तोच घेतो.

'गेट' आणि 'सेट' जावात रुजले ते मुख्यतः साधनांमुळे. १९९६-९७ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने जावाबीन्सचं स्पेसिफिकेशन काढलं. गरज खरी होती. स्क्रीनवर घटक ओढून मांडण्याची सोय देणाऱ्या साधनांना एखाद्या क्लासमध्ये कोणकोणत्या प्रॉपर्टी (बाहेरून वाचता-लिहिता येणारे गुणधर्म) आहेत हे कळायला हवं होतं, आणि जावा भाषेत प्रॉपर्टी ही गोष्टच नव्हती. मग असं ठरलं: रिफ्लेक्शनने (चालू प्रोग्रॅमला क्लासची रचना तपासू देणाऱ्या सोयीने) मेथडची यादी काढायची, 'गेट'ने सुरू होणारी आणि आर्ग्युमेंट न घेणारी मेथड दिसली की तिला गेटर मानायचं, तेच नाव 'सेट' लावून सापडलं की जोडी जुळली. व्याकरणात जी सोय नव्हती ती स्पेलिंगमध्ये बसवली गेली. त्या दिवसापासून स्पेलिंग हेच व्याकरण झालं, फक्त ते तपासणारा कंपायलर नव्हता.

याचे परिणाम अजून भोगले जातात. बूलियन (खरं की खोटं सांगणाऱ्या) प्रॉपर्टीला 'इज' उपसर्ग चालतो, पण टाइप प्रिमिटिव्ह, म्हणजे ऑब्जेक्ट नसलेला मूळ प्रकार, असेल तरच. ऑब्जेक्ट रूपातल्या बूलियनला 'गेट' लागतो. म्हणजे टाइपच्या नावातलं पहिलं अक्षर छोट्याचं कॅपिटल केलं, की 'इज'वाली मेथड जावाबीन्सच्या नियमाने चालणाऱ्या साधनांना दिसेनाशी होते. कंपायलर काही बोलत नाही. लॉम्बॉक (जावात गेटर-सेटर आपोआप बनवणारी लायब्ररी) वापरणाऱ्यांना याचाच दुसरा अवतार भेटतो: प्रिमिटिव्ह बूलियन फील्डचं नाव 'इजअ‍ॅक्टिव्ह' ठेवलं तर लॉम्बॉक तो 'इज' उपसर्ग मानून काढून टाकतं, सेटर 'सेटअ‍ॅक्टिव्ह' बनतो, आणि जेसनमध्ये (सेवा एकमेकींना माहिती पाठवतात त्या मजकुरात) गुणधर्माचं नाव 'अ‍ॅक्टिव्ह' होऊन बाहेर पडतं. पलीकडची सेवा 'इजअ‍ॅक्टिव्ह'ची वाट पाहत राहते.

कॅपिटल अक्षरांचा नियम तर आणखी नाजूक आहे. 'गेट' काढल्यावर उरलेल्या नावाचं पहिलं अक्षर छोटं करायचं. पण पहिली दोन्ही अक्षरं कॅपिटल असतील तर नाव तसंच ठेवायचं. हा अपवाद 'यूआरएल'सारख्या नावांसाठी ठेवला होता. आता छोटा 'ई' आणि मग कॅपिटल 'एम' अशा स्पेलिंगचं 'ईमेल' फील्ड घ्या. गेटर बनवताना पहिलं अक्षर कॅपिटल केलं की दोन कॅपिटल शेजारी येतात, आणि उलट फिरताना अपवादाचा नियम लागू होऊन मूळ नाव परत मिळतच नाही. त्यात लोकॅलची, म्हणजे मशीनवरच्या भाषा-प्रदेशाच्या सेटिंगची, भर. तुर्की लोकॅलमध्ये छोट्या 'आय'चं कॅपिटल वर टिंब असलेलं वेगळंच अक्षर असतं. लोकॅल स्पष्ट न सांगता 'आयडी'चा गेटर शोधणारा कोड अशा मशीनवर जे नाव बनवतो ते क्लासमध्ये कुठेच नसतं.

ही कुणा एका लायब्ररीची चूक नाही. नावाचे तुकडे पाडून अर्थ काढायचा म्हटलं की लिपीचे, भाषेचे आणि अपवादांचे सगळे प्रश्न पदरात येतातच.

आता याच काळातली दुसरी वाट पाहा. १९९५ साली आलेल्या डेल्फीत प्रॉपर्टी जाहीर करताना 'रीड'पुढे काय वाचायचं आणि 'राइट'पुढे कुणाकडून लिहायचं हे तिथेच लिहितात. वाचताना थेट फील्ड आणि लिहिताना मेथड, असंही चालतं. त्या मेथडला 'सेट'ने सुरू होणारं नाव द्यायची पद्धत आहे, पण ती माणसांसाठी आहे. कंपायलरला त्या नावाशी देणंघेणं नाही. मेथडचं नाव बदला, डिक्लेरेशनमध्ये बदला, काम झालं. विसरलात तर कंपाइलच होणार नाही. ऑब्जेक्टिव्ह-सीमध्येही 'एनेबल्ड' प्रॉपर्टीचा गेटर 'इजएनेबल्ड' हवा असेल तर तसं डिक्लेरेशनमध्ये सांगता येतं.

खुद्द जावाही शेवटी इकडेच वळली. २०२१ च्या मार्चमध्ये जावा १६ बरोबर रेकॉर्ड (नुसती माहिती धरून ठेवणारे क्लास) पक्के झाले, आणि त्यांच्या अ‍ॅक्सेसरना 'गेट' नाही. घटकाचं नाव 'त्रिज्या' असेल तर मेथड 'त्रिज्या()'. लोकांनी या नावावर बरीच चर्चा केली, पण त्याहून मोलाचा बदल रिफ्लेक्शनमध्ये आहे: रेकॉर्डला त्याच्या घटकांची यादी विचारता येते आणि प्रत्येक घटक आपला अ‍ॅक्सेसर कोणता ते स्वतः सांगतो. स्पेलिंगवरून अंदाज बांधायची वेळच येत नाही. तुमच्या भाषेत पहिल्या दिवसापासून हे असू द्या.

आता तुमच्या आवडत्या पर्यायाकडे, म्हणजे एकच नाव आणि आर्ग्युमेंटच्या संख्येवरून वाचणं-लिहिणं ठरवणं. याच्या बाजूने स्मॉलटॉकचा दाखला नेहमी दिला जातो, आणि तो दाखला नीट बसत नाही. स्मॉलटॉकमध्ये 'त्रिज्या' आणि 'त्रिज्या:' हे दोन वेगळे सिलेक्टर, म्हणजे मेथडची नावं, आहेत. विसर्गासारखा दिसणारा तो कोलन नावाचाच भाग आहे. एक आहे की नाही ते विचारता येतं, एक ओव्हरराइड करून (उपक्लासमध्ये नव्याने लिहून) दुसरा तसाच ठेवता येतो. आर्ग्युमेंट मोजून वागणाऱ्या एकाच मेथडमध्ये यातलं काही नीट होत नाही. 'वाचणं सगळ्यांना खुलं, लिहिणं फक्त क्लासच्या आत' हे तिथे सांगायचं कुठे? मेथडचा रिटर्न टाइप काय? वाचताना आकडा मिळतो, लिहिताना साखळी चालू ठेवायला ऑब्जेक्ट हवा असतो. आणि सर्वात त्रासदायक म्हणजे 'काहीच नाही' ही किंमत. डायनॅमिक भाषेत 'वर्तुळ.रंग(क)' असं लिहिलं आणि 'क' अपरिभाषित निघाला, तर तो 'रंग पुसून टाक' असा आदेश आहे की 'रंग सांग' असा प्रश्न? काही लायब्ररी आर्ग्युमेंटची संख्या पाहतात, काही त्याची किंमत पाहतात, आणि वापरणाऱ्याला कोणती काय करते हे लक्षात ठेवावं लागतं. नावं वाचवली आणि संदिग्धता विकत घेतली, असा हा सौदा आहे. स्थिर टाइपच्या भाषेत ओव्हरलोडिंगमुळे (एकाच नावाची, वेगळी आर्ग्युमेंट घेणारी फंक्शन लिहिता येत असल्याने) ही अडचण बरीच कमी होते. सी प्लस प्लसमध्ये दोन ओव्हरलोड वेगळ्याच सह्या (सिग्नेचर, म्हणजे आर्ग्युमेंटची संख्या आणि प्रकार) असलेली वेगळी फंक्शन असतात. तरीही त्या फंक्शनचा पत्ता दुसऱ्या फंक्शनला द्यायचा झाला की 'यातलं कोणतं?' हे टाइप लिहून सांगावं लागतं.

नुसतं नाम ठेवण्याचं मूळ कारण बर्ट्रांड मेयर यांनी आयफेल भाषेच्या निमित्ताने मांडलं. युनिफॉर्म अ‍ॅक्सेस या नावाने ते तत्त्व ओळखलं जातं: एखादी माहिती साठवलेली आहे की मोजून काढली जाते, हे वापरणाऱ्याच्या कोडमध्ये दिसू नये. वर्तुळाची त्रिज्या साठवून व्यास मोजला काय किंवा व्यास साठवून त्रिज्या मोजली काय, बाहेरून 'वर्तुळ.त्रिज्या' आणि 'वर्तुळ.व्यास' तसेच राहायला हवेत. आतली मांडणी उद्या बदलता येणं हाच ऑब्जेक्टचा मोठा फायदा, आणि 'गेट' उपसर्गाची सक्तीही खरं तर याच भीतीतून आली: जावात आज फील्ड उघडं ठेवलं आणि उद्या मोजायची वेळ आली तर वापरणारा सगळा कोड बदलावा लागतो. पायथनने २००१ साली २.२ मध्ये 'प्रॉपर्टी' देऊन ही भीती काढून टाकली. आज साधं अ‍ॅट्रिब्यूट ठेवा, गरज पडली तर उद्या त्याच नावामागे फंक्शन बसवा. पीएचपीला हेच प्रॉपर्टी हुकच्या रूपात मिळायला २०२४ चं ८.४ उजाडावं लागलं. तुमची भाषा नवी आहे. तिला ही सोय सुरुवातीलाच देता येईल.

पण या तत्त्वाची एक मर्यादा आहे आणि नावांचा खरा कस तिथेच लागतो. साठवलंय की मोजलंय हे लपवावं, ठीक. पण किती वेळ लागेल हे लपवलं तर वापरणारा फसतो. माणूस 'ऑब्जेक्ट.नाम' वाचतो तेव्हा ते स्वस्त असणार हे गृहीत धरूनच लूपच्या अटीत टाकतो. सी प्लस प्लसच्या 'लिस्ट'चं 'साइज' हे याचं जुनं उदाहरण. १९९८ च्या स्टँडर्डमध्ये ते स्थिर वेळेत व्हावं अशी अपेक्षा होती, सक्ती नव्हती. जीसीसी या कंपायलरच्या लायब्ररीत ते संपूर्ण यादी चालत जाऊन मोजलं जाई, कारण तसं केल्याने एका यादीचा तुकडा दुसरीत जोडणं झटपट होई. २०११ च्या स्टँडर्डने स्थिर वेळ सक्तीची केली, आणि जीसीसीने ती प्रत्यक्षात आणली २०१५ च्या पाचव्या आवृत्तीत, तीही बायनरी सुसंगतीचा (आधी कंपाइल केलेला कोड चालत राहावा याचा) मोठा खटाटोप करून. एका छोट्या नावाने दिलेलं गर्भित वचन पाळायला एवढं करावं लागलं.

म्हणून माझा नियम असा: नुसतं नाम म्हणजे वचन. वेळ कमी लागेल, ऑब्जेक्टमध्ये काही बदलणार नाही, आणि लागोपाठ दोनदा विचारलं तर मधे काही घडलं नसल्यास तेच उत्तर येईल. यातलं एकही पाळता येत नसेल तर क्रियापद वापरा आणि कंस लावा. मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटच्या मार्गदर्शक नियमांत हेच आहे: महाग काम असेल, रूपांतर असेल, दर वेळी वेगळं उत्तर येत असेल किंवा अ‍ॅरेची प्रत परत जात असेल, तर प्रॉपर्टीऐवजी मेथड करा. दर वेळी नवा ओळखक्रमांक बनवणारं 'न्यूगुइड' म्हणूनच मेथड आहे. त्याच लायब्ररीत 'डेटटाइम.नाऊ' मात्र प्रॉपर्टी आहे, दर वेळी वेगळं उत्तर देणारी, आणि आता ती बदलणं शक्य नाही. डीबगर प्रॉपर्टी आपणहून मोजून दाखवतो हेही लक्षात घ्या. तिच्यात साइड इफेक्ट असेल तर नुसतं पाहण्याने प्रोग्रॅमची अवस्था बदलते. स्विफ्टचे नियम आणखी व्यवहारी आहेत: मोजून येणारी प्रॉपर्टी स्थिर वेळेत होत नसेल तर ते डॉक्युमेंटेशनमध्ये लिहा. स्ट्रिंगचा 'काउंट' तिथे प्रॉपर्टी आहे आणि त्याला सगळी अक्षरं चालत जावं लागतं, म्हणून ते लिहिलेलं आहे.

रस्टने हे सगळ्यात पुढे नेलं आहे. तिथे 'अ‍ॅज_' म्हणजे फुकट, तीच माहिती दुसऱ्या नजरेने पाहणं. 'टू_' म्हणजे खर्चिक काम होणार. 'इन्टू_' म्हणजे मूळ वस्तूची मालकी घेतली जाणार. साध्या गेटरला उपसर्ग नाही, बदलता येणारा संदर्भ देणाऱ्याला शेवटी '_म्यूट'. कुठेही कंपायलरची सक्ती नाही, पण नाव वाचून खर्चाचा अंदाज येतो. नावाने साठवणुकीची पद्धत सांगू नये आणि खर्च जरूर सांगावा, हे मला इथे सगळ्यात चांगलं साधलेलं दिसतं.

'गेट' हा शब्द अ‍ॅक्सेसरवर उधळू नये याचं आणखी एक कारण आहे. तो दुसऱ्या कामाला लागतो. किल्ली देऊन शोधणं, जे सापडेल किंवा सापडणार नाही: रस्टमध्ये 'गेट' ऑप्शन (किंमत असेल किंवा नसेल असा टाइप) परत देतो तो यासाठीच. अ‍ॅपलच्या कोकोआ लायब्ररीच्या परंपरेत 'गेट' म्हणजे तुम्ही दिलेल्या पॉइंटरच्या जागी उत्तर भरणारी मेथड. साध्या गेटरला तो लावायचा नाही. गो भाषेचा संकेतही असाच: फील्ड छोट्या अक्षराने 'ओनर', गेटर कॅपिटलने 'ओनर', सेटर 'सेटओनर'. मात्र गोमध्ये एका स्ट्रक्टमध्ये फील्ड आणि मेथड यांचं नाव एकच असू शकत नाही. प्रोटोबफ या कोड बनवणाऱ्या साधनाच्या मूळ पद्धतीने तयार झालेल्या कोडमध्ये फील्ड आधीच कॅपिटलने उघडं असतं, म्हणून तिथे गेटरला पुन्हा 'गेट' लागतोच.

गोचा विषय निघालाच आहे तर हेही सांगतो, कारण लिपी आपली आहे. गोमध्ये नाव बाहेर दिसावं की नाही हे पहिल्या अक्षराच्या कॅपिटल असण्यावरून ठरतं. देवनागरीत कॅपिटल नाहीत, त्यामुळे देवनागरी नाव निर्यातच होत नाही. त्याच्याही आधी, काना-मात्रा-वेलांटी ही जोडचिन्हं गोच्या नियमात अक्षरं मानली जात नाहीत, म्हणून 'त्रिज्या' हे तिथे वैध नावच नाही. गोच्या अधिकृत प्रश्नोत्तरांत देवनागरीचं नाव घेऊन ही उणीव मान्य केलेली आहे. अक्षराच्या आकारावर अर्थ टांगला की जगातल्या अनेक लिपी दाराबाहेर राहतात. तुमच्या भाषेत दृश्यता सांगायला कीवर्ड ठेवा, आणि नावांसाठी युनिकोडने दिलेले आयडेंटिफायरचे नियम घ्या. त्यांत जोडचिन्हांना जागा आहे.

बूलियनबद्दल फार लिहीत नाही. नाव विधानासारखं वाचता आलं पाहिजे एवढंच. रुबीचं शेवटी प्रश्नचिन्ह, स्विफ्टचं 'इजएम्प्टी', दोन्ही चालतात. सी प्लस प्लसचं 'एम्प्टी()' चालत नाही, कारण ते 'रिकामं आहे का' असंही वाचलं जातं आणि 'रिकामं कर' असंही. सी प्लस प्लस २० मध्ये त्याला 'नोडिस्कार्ड' चिकटवावं लागलं, म्हणजे उत्तर न वापरता नुसतं बोलावलं तर कंपायलर इशारा देतो.

आता लिहिण्याची बाजू. इथे नव्या नावाची गरजच उरू नये, आणि ते कॉमन लिस्पने सर्वांत स्वच्छपणे केलं आहे. तिथे 'सेटएफ'ला वाचण्याचंच पद द्यायचं आणि नवी किंमत द्यायची. जे पद वाचायला वापरता तेच जागा म्हणून वापरता. लिहिणाऱ्या फंक्शनचं नाव म्हणजे 'सेटएफ' आणि वाचणाऱ्याचं नाव यांची जोडगोळी. दोन शब्दांची ती यादी हेच नाव. अक्षरं चिकटवणं नाही, कॅपिटल नाही. रुबीत 'त्रिज्या=' हे मेथडचं नाव आहे, स्कालात 'त्रिज्या_='; कल्पना तीच. स्कालाने त्यात एक चांगली अट घातली आहे: वाचणारा भाग नसेल तर असाइनमेंटचं रूप वापरता येत नाही.

असाइनमेंट निवडली की चार गोष्टी भाषेला नीट ठरवाव्या लागतात. पहिली, चुकीचं स्पेलिंग. जावास्क्रिप्ट आणि पायथनमध्ये 'वर्तुळ.त्रीज्या = ५' असं लिहिलं तर निमूटपणे नवं अ‍ॅट्रिब्यूट तयार होतं. सेटर मेथडच्या बाजूने बोलणाऱ्यांचा हा सर्वांत रास्त मुद्दा आहे, कारण चुकीच्या नावाची मेथड बोलावली की निदान एरर तरी येतो. जाहीर न केलेल्या नावाला असाइन करणं ही तुमच्या भाषेत एरर असायलाच हवी. दुसरी, ऑब्जेक्टच्या आतून लिहिणं. रुबीत मेथडच्या आत 'त्रिज्या = ५' लिहिलं तर सेटर चालत नाही, नवं लोकल व्हेरिएबल तयार होतं; 'सेल्फ.त्रिज्या' लिहावं लागतं. लोकल व्हेरिएबल जाहीर करायला वेगळा कीवर्ड ठेवलात तर हा प्रश्न उद्भवत नाही. तिसरी, 'वर्तुळ.त्रिज्या += १' मध्ये आधी वाचणं आणि मग लिहिणं होतं; डावीकडच्या ऑब्जेक्टचं पद एकदाच मोजलं जाईल हे स्पेसिफिकेशनमध्ये लिहा. चौथी सर्वांत अवघड. 'आकृती.केंद्र.क्ष = ५' मध्ये 'केंद्र' ही किंमत म्हणून कॉपी होणारी गोष्ट असेल तर बदल कॉपीत होतो आणि हरवतो. सी शार्प असा कोड नाकारतं. स्विफ्ट बदललेली कॉपी मूळ जागी परत लिहून देतं. दोन्ही प्रामाणिक आहेत; बदल गुपचूप हरवू देणं तेवढं टाळा.

तुमच्या भाषेत बहुतेक ऑब्जेक्ट न बदलणारे असतील, तर सेटरच्या नावाचा प्रश्न बराचसा विरून जातो. तिथे 'विथ'च्या वळणाचं, नवी प्रत देणारं काहीतरी लागतं. जावाच्या तारखांच्या लायब्ररीत 'विथइयर' आहे, सी शार्पमध्ये रेकॉर्डसाठी 'विथ' हे पदच व्याकरणात आहे. प्रत्येक फील्डला एकेक मेथड बनवण्यापेक्षा सी शार्पसारखं एक पद बरं. एकाच वेळी तीन फील्ड बदलायची तर मधल्या दोन अर्धवट प्रती तयार होत नाहीत.

उरला आतल्या नावांचा तपशील. कंपायलर प्रत्यक्षात फंक्शन तयार करणारच, आणि त्यांना काहीतरी नाव लागेल. सी शार्पमध्ये प्रॉपर्टी जाहीर केली की 'गेट_' आणि 'सेट_' लावलेली दोन्ही नावं राखीव होतात, अगदी दोन्हींपैकी एकच भाग लिहिला असला तरी. त्याच सहीची मेथड लिहिणाऱ्याला मग अनपेक्षित एरर मिळतो. तुम्ही आतल्या नावात असं चिन्ह घाला जे वापरणाऱ्याच्या नावात येऊच शकत नाही. टक्कर कधीच होणार नाही. दुसऱ्या भाषेतून बोलावण्यासाठी साधं नाव हवं असेल तर ते डिक्लेरेशनमध्ये हाताने लिहायची सोय द्या. आणि वाचण्याची दृश्यता व लिहिण्याची दृश्यता एकाच डिक्लेरेशनमध्ये वेगवेगळी सांगता येऊ द्या. सी शार्पला ही सोय २००५ च्या दुसऱ्या आवृत्तीत आणावी लागली, कारण 'सगळ्यांनी वाचा, मीच लिहीन' ही गरज जवळपास प्रत्येक क्लासमध्ये असते.